रविवारचा पळायचा क्लास

बायकोला मदत करावी, असा निर्णय मी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता घेतला. निर्णय तसा लहानच होता. (त्याऐवजी कपबशी विसळून ठेवली असती तर जास्त मदत झाली असती, असं विशाखा आजही म्हणते.) पण मी, अंबरीश देवणीकर, पडलो पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक. संदर्भ दिल्याशिवाय पुढं जायची मला सवय नाही, तेव्हा आधी संदर्भ.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा चार वर्षं झाली होती. लातूरची जमीन बरीचशी निवली होती, माणसं मात्र निवली नव्हती. आमच्या गल्लीत प्रत्येक दाराशी एक पिशवी टांगलेली असायची आणि तीत रेशनकार्ड, बॅटरी आणि एक चादर. आमचे शेजारी मलप्पा म्हणजे निवृत्त तलाठी. त्यांनी आमच्या सामाईक भिंतीवरच्या फळीवर स्टीलचे पाच पेले एकावर एक उपडे रचून ठेवले होते. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की मलप्पा ओरडणार, आणि मलप्पा ओरडले की गल्लीनं आधी मैदानात पळायचं आणि कारण मागाहून विचारायचं, अशी सगळ्यांची ठरलेली रीत होती. मांजरानं पेले पाडले म्हणून आम्ही दोनदा मैदानात जाऊन आलो होतो. मांजराला कुणी बोल लावला नाही.

याच सुमारास गावात क्लासेसचं पेव फुटलं होतं. दहावी-बारावीचे क्लास भरले तेव्हा लोकांनी आठवीचे काढले, आठवीचे भरले तेव्हा पाचवीचे. आमच्या गल्लीत तर तिसरी-चौथीच्या पोरांना इंग्रजी शिकवणारे दोन क्लास समोरासमोर होते. त्यातला मोठा वीरण्णा सरांचा. साठ पोरं, एक छडी आणि व्याकरणाचे दोनशे नियम. पोरं ते नियम एका सुरात म्हणायची आणि शेजारच्या कोंडाबाई त्याच तालावर भाकऱ्या थापायच्या. दुसरा क्लास आमच्या पुढच्या खोलीत, माझ्या बायकोचा. पोरं नऊ.

विशाखा डी.एड. झालेली. मध्यंतरी ती नांदेडला तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला जाऊन आली. नांदेडहून माणसं गुरुद्वाऱ्याचा प्रसाद आणतात, हिनं एक पद्धत आणली. नियम सांगायचाच नाही. पोरांनी एकमेकांशी बोलायचं, तेही खरंखुरं, म्हणजे जे आपल्याला ठाऊक नाही आणि जाणून घ्यावंसं वाटतं तेच विचारायचं. कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाला कशाची भीती वाटते. पोरं खोलीभर फिरून एकमेकांना इंग्रजीत विचारत सुटायची. कुणी चुकलं तर ही रागवायची नाही. तेच वाक्य नीट करून, सहज बोलल्यासारखं परत म्हणायची, आणि पुढच्या खेपेला पोरगंही ते नीट म्हणायचं.

मला हे अजिबात मान्य नव्हतं. मी मुरुडच्या शाळेत इंग्रजीचे बाराच्या बारा काळ छडीखाली पाठ केलेला माणूस. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. (विशाखानं एकदा उठवून पाहिलं आहे.) आता हे खरं, की भूकंपाच्या वेळी मदतीला आलेल्या परदेशी पथकातल्या एका गोऱ्या माणसानं मला पाणी कुठं आहे असं विचारलं, तेव्हा बारांपैकी एकही काळ माझ्या मदतीला आला नाही. मी त्याचा हात धरला आणि त्याला नळापर्यंत नेऊन उभं केलं. पण त्याला पाणी मिळालं की नाही? मिळालं.

तर पालक बिथरले होते. वह्या कोऱ्या, पाठांतर नाही, नुसती बडबड. चौदाची नऊ पोरं झाली ती यामुळंच. आणि त्या आठवड्यात हणमंतराव बिरादार दारात येऊन उभे राहिले. हे जळकोटकडचे शेतकरी. लेकीच्या शिक्षणासाठी शेत धाकट्या भावावर टाकून लातुरात खोली करून राहिलेले. लेक ऋतुजा, आठ वर्षांची. दोन महिने ती क्लासला येत होती, टुकूटुकू सगळं बघायची, सगळं ऐकायची, पण इंग्रजीचा एक शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता.

"बाई, तुमी मनानं लई चांगल्या हायत, त्यात वाद न्हाई," हणमंतराव म्हणाले. "पर पोरगी दोन महिने झाले येऊन राहिली अन् मुकीच हाय. समोर साठ पोरं कशी खणखणीत म्हणून राहिलीत. ह्या ऐतवारी मी सोता येऊन ऐकतो. बोलली तर ठीक. न्हाई तर सोमवारपासून वीरण्णा सरांकडं."

"ती ऐकतेय, दादा," विशाखा म्हणाली. "तिच्या आत साठतंय सगळं. बोलेल ती."

"मग ऐतवारपातुर साठू द्या," असं म्हणून ते गेले.

बाकीचे पालक हणमंतरावांकडं डोळे लावून बसले होते. ते गेले की सगळे जाणार आणि क्लास बंद पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नोकरीसाठी अर्ज करून करून थकलेल्या माझ्या बायकोनं हा एक क्लास उभा केला होता. त्या आठवड्यात ती इतकी बोलली, पोरांना इतकं बोलतं केलं, की शनिवारी तिचा घसाच बसला. डॉक्टरांनी तीन दिवस चकार शब्द काढायचा नाही म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी ती हातात पाटी-पेन्सिल घेऊन खुर्चीत बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून मला खरंच कसंतरी झालं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आजचा क्लास मी घेतो."

तिनं पाटीवर लिहिलं, "नको."

"अगं, बारा काळ तोंडपाठ असलेला माणूस घरात असताना..."

तिनं 'नको'खाली दोन रेघा ओढल्या. पण तेवढ्यात पोरं आली, आणि माझा निर्णय आपोआप अमलात आला.

हणमंतराव अजून आले नव्हते. "बाबा कोपऱ्यावर दाढी करून राहिलेत, येतेत," असं ऋतुजानं मराठीत सांगितलं. हातात दहा-पंधरा मिनिटं होती. मी खिशातलं पेन काढून तिच्या नाकासमोर धरलं. "व्हॉट इज धिस?"

ऋतुजानं पेनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. एवढा मोठा माणूस, रोज कार्यालयात जातो, आणि याला पेन माहीत नाही, अशी दया तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसली. खुर्चीतून पाटी वर झाली. "माहीत असलेलं विचारू नका."

मी पेन खिशात ठेवलं आणि सगळ्यांनाच विचारलं, "व्हॉट आर यू डुइंग?"

"सिटिंग," सर्वेश नावाचा एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, आणि पुढं मराठीत म्हणाला, "दिसून राहिलंय की, काका."

पाटी पुन्हा वर झाली. "काहीतरी घडू द्या."

घडू द्या म्हणजे काय? आमच्या खात्यात गेल्या सतरा वर्षांत काही घडलेलं नाही, त्यामुळं मला सराव नव्हता. पण त्या दिवशी माझं डोकं चाललं. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि पोरांचे दोन गट केले. पाच पोरांनी माझ्याबरोबर बाहेर पळायचं, अंगणात नाचायचं, उड्या मारायच्या, काय वाटेल ते करायचं. ऋतुजा धरून चौघांनी आतच राहायचं. त्यांना बाहेरचं दिसणार नाही, म्हणजे त्यांना खरंच विचारावं लागेल, तुम्ही काय करताय? मग बाहेरच्यांनी उत्तर द्यायचं. मी विशाखाकडं पाहिलं. तिनं पाटीवर काहीही लिहिलं नाही, नुसती मान हलवली. बारा वर्षांच्या संसारात विनाशेरा मंजूर झालेला हा माझा पहिला प्रस्ताव.

"वन, टू, थ्री, रन!" मी ओरडलो आणि आदर्श म्हणून स्वतः सर्वांत पुढं पळालो. मागं पाच पोरं किंचाळत, पाय आपटत. आमचं दार पत्र्याचं. ते मी असं काही ढकललं की ते जाऊन धाडकन सामाईक भिंतीवर आदळलं.

पलीकडं पहिला पेला पडल्याचा आवाज मी ऐकला. उरलेले चार ऐकायला सवड मिळाली नाही, कारण तोवर मलप्पा गरजले होते. "हाललं, हाललं! पळा!"

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. गल्लीतलं एकूणएक दार उघडलं आणि माणसं मैदानात आली. मलप्पा आंघोळ अर्धी टाकून आले होते, कमरेला टॉवेल आणि हातात तांब्या. कोंडाबाई तळहातावर अर्धी थापलेली भाकरी तशीच घेऊन आल्या. समोरून वीरण्णा सर आणि त्यांची साठ पोरं निघाली, तीही रांगेत, कारण सरांनी पळताना छडी सोडली नव्हती. आणि कोपऱ्यावरून हणमंतराव आले. गळ्याला पांढरा कपडा, एका गालाला फेस, दुसरा गाल साफ, आणि त्यांच्यामागं सलूनवाला हातातला वस्तारा ठेवायचा विसरून धावतोय. लांबून पाहणाऱ्याला वेगळंच वाटलं असतं.

सगळे मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. माझी पाच पोरं त्यांच्यात मिसळली, मीही मिसळलो. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर कोंडाबाई म्हणाल्या, "माजा तवाच उडाला चुलीवरून."

"दोन धक्के होते," वीरण्णा सर म्हणाले. "पहिला लहान, दुसरा मोठा."

"मला तर तीन लागले," मलप्पा म्हणाले.

इतक्या जबाबदार लोकांना बसलेला भूकंप एकट्यानं नाकारणं मला प्रशस्त वाटेना. मी तोंड मिटलं.

तेवढ्यात हणमंतरावांनी पोरांवरून नजर फिरवली आणि त्यांचा साफ केलेला गालही पांढरा पडला. "माझी ऋतुजा कुठाय?" ते म्हणाले. ती चार पोरं आणि आवाज बसलेली माझी बायको अजून आतच होती. त्यांच्या दृष्टीनं तिथं नुसता क्लास चालू होता. हणमंतराव गळ्यातला कपडा फडफडवत आमच्या घराकडं धावले. "ऋते, भाईर ये. अगं भाईर ये, माय."

खिडकीचा पडदा बाजूला सरला. ऋतुजाचं तोंड दिसलं. तिनं बापाकडं पाहिलं, त्याच्या गालावरच्या फेसाकडं पाहिलं, मागच्या वस्ताऱ्याकडं पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले आणि तिनं साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

हणमंतराव जागच्या जागी थांबले.

"व्हाय आर यू रनिंग?" ऋतुजानं पुढं विचारलं. मग वस्ताऱ्याकडं बोट करून, "व्हाय इज ही रनिंग?" मग तिची नजर मागं गेली. "व्हाय इज मलप्पा आजोबा..." एवढं म्हणून ती अडली, कारण टॉवेल नेसण्याचा शब्द तिला येत नव्हता.

"ही इज वेअरिंग अ टॉवेल!" सर्वेशनं मैदानातून तो पुरवला. मलप्पांनी तांब्या टाकून टॉवेल दोन्ही हातांनी धरला.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. आधी लाज वाटली आणि लगोलग बायकोचा फार अभिमान वाटला. कुणी त्या पोरीला एक नियम सांगितला नव्हता. दोन महिने जे आत साठलं होतं ते आज बाहेर आलं, कारण आज तिला खरंच काही विचारायचं होतं. तिच्यामागं विशाखा उभी होती. पाटी छातीशी धरलेली, आणि पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

ऋतुजा आता थांबेना. तिनं खिडकीतूनच वीरण्णा सरांच्या पोरांना गाठलं. "व्हॉट आर यू डुइंग?"

साठ पोरांनी सरांकडं पाहिलं. सरांनी छडी किंचित वर केली आणि साठही पोरांनी चालू वर्तमानकाळाचा नियम, अपवादासह, एका सुरात म्हणून दाखवला. ऋतुजानं तो शांतपणे ऐकून घेतला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी सरांनी स्वतः जमिनीकडं बोट दाखवलं.

"पर मला एक सांग," मलप्पा तिला म्हणाले, "एवढं हाललं, अन् तुमी लेकरं आत कशी काय ऱ्हायलात?"

"कुठं हाललं?" ऋतुजा मराठीत म्हणाली. "काकांनी पळा म्हणले, मग ते पळाले."

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. तिथून पळून जावं तर पळण्याचा परिणाम नुकताच पाहिला होता, म्हणून मी उभा राहिलो.

"अंबरीशराव," मलप्पा टॉवेल सावरत म्हणाले, "मांजर बरी व्हती की ओ."

"माजी भाकर," कोंडाबाई एवढंच म्हणाल्या, पण ती भाकरी त्यांच्या हातातून आता फेकून मारायच्या बेतात आली होती. वीरण्णा सरांनी तर छडी या हातातून त्या हातात घेतली. (सरांच्या क्लासात मी कधी नव्हतो, पण त्या घटकेला नाव घातल्यासारखं वाटलं.)

"थांबा," हणमंतराव म्हणाले.

सगळे थांबले. हणमंतराव माझ्याजवळ आले. गालावरचा फेस ओघळायला लागला होता आणि तो एकटा फेसच ओघळत नव्हता. "माझी पोरगी बोलली," ते म्हणाले. "तुमी समद्यांनी ऐकलं. बापाला इंग्रजीत सवाल केला तिनं." मग हळूच मला विचारलं, "काय म्हणली वो ती?"

"तुम्ही का पळत होतात, असं विचारलं."

"मग सांगा न तिला. तिच्यासाठी पळून राहिलो म्हणावं. इंग्रजीत सांगा."

मी खिडकीकडं वळलो. बारा काळ डोक्यात एकदम उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, मी ऋतुजाकडं पाहिलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. "फॉर यू," मी म्हणालो. "युवर बाबा वॉज रनिंग फॉर यू."

चाळीस वर्षांच्या आयुष्यातलं माझं हे पहिलं खरं इंग्रजी वाक्य. ऋतुजानं ते ऐकलं, मान डोलावली आणि बापाकडं बघून हसली. बापानं गळ्यातल्या कपड्यानं तोंड पुसलं, फेसासकट.

सोमवारी सकाळी क्लासला तेवीस पोरं आली. दिवाळीपर्यंत एकेचाळीस झाली आणि दोन तुकड्या कराव्या लागल्या. वीरण्णा सरांनी आपली धाकटी मनस्विनी आमच्याकडं घातली, मागच्या दारानं का होईना. विशाखाचा घसा मंगळवारी सुटला आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "दार हळू उघडायचं." पण ते म्हणताना ती हसत होती, आणि त्या दिवशी चहा तिनं मला आपणहून दोनदा दिला.

गल्लीही क्लासात सामील झाली. पोरं दारोदार जाऊन खरे प्रश्न विचारायची आणि लोक खरी उत्तरं द्यायचे. कोंडाबाई चुलीपुढून "मेकिंग भाकर, ईटिंग?" असं विचारून पोरांच्या हातावर चतकोर ठेवायला लागल्या. मलप्पांनी तर 'व्हॉट आर यू डुइंग' इतकं आपलंसं केलं, की ते नळावर भेटले तरी राम राम म्हणायच्या आधी तेच विचारायचे. दर रविवारी निदान एकदा तरी पोरांना पळायचं असायचं, म्हणून मलप्पा शनिवारी रात्रीच पेले उतरवून ठेवत. रविवारी कुणी किंचाळत पळालं तर तो विशाखाबाईंचा क्लास, हे आता आमच्या गल्लीत नव्यानं ठरलं होतं. गावातून लोक 'पळायचा क्लास कुठं आहे' असं विचारत यायचे आणि आपोआप आमच्या दारात पोचायचे.

अशाच एका रविवारी, पावणेनऊच्या सुमारास, मी आंघोळीला बसलो होतो. बादलीतल्या पाण्यावर एकदम बारीक थरथर उठली. मग तांब्या खडखडला. मग माझ्याखालचा पाट, मी मुळीच हललो नसताना, हलला. मी चार वर्षांची शिस्त अंगी बाणलेला माणूस. कमरेला टॉवेल गुंडाळला आणि ओरडत सुटलो. "हाललं, हाललं! पळा सगळे, पळा!"

मी मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. मागं वळून पाहिलं तर एकही माणूस आलेला नव्हता.

अंगणात सतरंजी झटकत असलेली विशाखा म्हणाली, "अहो, आजच्या धड्यात पळणं नाही." कोंडाबाईंनी खिडकीतून कौतुकानं पाहिलं आणि परत भाकरीकडं वळल्या. मलप्पा ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि अत्यंत प्रेमानं विचारलं, "व्हॉट आर यू डुइंग?"

"मलप्पा, खरंच हाललं हो," मी काकुळतीला येऊन म्हणालो. "देवाशपथ हाललं."

लवकर आलेली ऋतुजा त्यांच्याशेजारी ओट्यावर बसली होती. तिनं त्यांना समजावून सांगितलं, "काका इज टीचिंग."

"हाव, हाव," मलप्पा मला म्हणाले. "आज तर टॉवेल बी लावलाय. लई मन लावून करून राहिलेत."

पुढची तीस मिनिटं मी मैदानात एकटाच उभा होतो, कारण धक्क्यानंतर अर्धा तास घरात जायचं नसतं. पोरं येता-जाता मला प्रश्न विचारत होती आणि मी थंडीनं दात वाजवत त्यांना इंग्रजीत उत्तरं देत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. लातूर परिसरात रविवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास सौम्य धक्का, नुकसान नाही. मी पेपर घेऊन अनवाणी मलप्पांकडं धावलो आणि ती बातमी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"पेपरपातुर गेलं की तुमच्या क्लासचं," ते म्हणाले. "पर नाव बाईंचं टाकायचं व्हतं त्यांनी. तुमी नुसते पळता."